अमावस्येला गेलेली पांढरी गाडी

१

जिजाबाईने पिशवीतून नारळ काढला आणि मग तिच्या ध्यानात आलं, की तो जिच्यापुढे फोडायचा ती गाडीच जागेवर नाही.

घोडबंदरला हायवेच्या कडेला जुन्या गाड्यांचा एक पत्र्याचा यार्ड आहे. त्याच्या डाव्या कोपऱ्यात परवा संध्याकाळी एक पांढरी उंच गाडी उभी होती. आज तिथे धुतलेल्या मॅट वाळत पडल्या होत्या आणि त्यांच्या मधोमध एक मांजर असं ऐसपैस पसरलं होतं, जसा काही सातबारा त्याच्याच नावावर आहे.

"गारी कुठं हाय रं?"

यार्डवाला बंटी मोबाईल खिशात कोंबत उठला. "आंटी, वो तो निकल गयी. कल शाम को."

"निकल गयी? पाय फुटले काय तिला?"

"पार्टी आयी, पूरा पेमेंट किया, ले गयी. मैंने परसों बोला था ना, टोकन दे दो. आप बोले अमावस है."

हे मात्र खरं होतं. जिजाबाईच्या घरात अमावस्येला साधा झारा विकत आणत नाहीत, तिथे गाडी कोण घेणार? परवा तिन्हीसांजेला अमावस्या लागली, काल दिवसभर होती. ती सरू दे, मग बयाणा देते, असं ती ठणकावून सांगून गेली होती, आणि ह्याच बंटीने छातीवर हात ठेवून शब्द दिला होता.

"आणि तुझी जबान?"

"धंदा है, आंटी."

"जास्त दिले त्याने?"

बंटी हसला. "नहीं ना! मजे की बात वही है. आपका जो फायनल हुआ था, सेम टू सेम. आते ही वही रेट बोला. ऊपर नहीं, नीचे नहीं."

"नाव सांग."

"नाम नहीं बताऊंगा. धंदे में नाम नहीं बताते."

जिजाबाईच्या मागे तिचा मुलगा केतन आणि धाकटा भाऊ शशिकांत उभे होते. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. जिजाबाईने नारळ परत पिशवीत टाकला.

घासाघीस करकरून ठरवलेला तो आकडा तिने घरात सोडा, देवापुढेसुद्धा उच्चारला नव्हता. गाडी परक्याने नेली नव्हती.

२

आता तुम्ही म्हणाल, एका जुन्या गाडीसाठी एवढं काय? तर ती हौसेची नव्हती.

जिजाबाईचा नवरा धर्मा. उभा जन्म मिठागरावर ताठ उभा राहिलेला माणूस, पण आता एक दिवसाआड त्याला नवघरातून मीरा रोडच्या दवाखान्यात रक्त धुवायच्या मशीनवर न्यावं लागे. जायचं रिक्षाने. रस्ते कसे आहेत ते काय सांगायचं. निरोगी माणसाची आतडी वर येतात. मागे एकदा परतताना धर्माची रिक्षातच शुद्ध हरपली. शुद्धीवर आल्यावर तो एवढंच बोलला, "जिजा, आता बस झालं. रिक्षात मी न्हाय बसनार. घरातच काय व्हायचं ते होऊं दे."

मशीन चुकत गेली तर काय होतं, ते डॉक्टरीणबाईंनी जिजाबाईला बाहेर नेऊन सांगितलं होतं. तिने ते कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी जाहीर केलं, "गारी घ्यायची."

धर्माचे गुडघे वाकत नाहीत. बुटक्या गाडीतून त्याला उठता येत नाही, जीपमध्ये चढता येत नाही. तोड काढली जितेशने. जितेश म्हणजे समोरच्या चाळीतल्या मंदाचा मुलगा, रत्नागिरीकडची माणसं, कुठल्याशा साहेबाची गाडी चालवतो. तो म्हणाला, "मधली घ्या काकी. तिला क्रॉसओव्हर म्हणतात. सीट बरोबर कमरेला येते. काकांनी टेकायचं आणि पाय आत घ्यायचे, बास."

नवीची किंमत ऐकून जिजाबाईने विचारलं, "गारी सांगतंस का बिल्डिंग?" मग जुनीच घ्यायची ठरलं. आणि कुठून घ्यायची यावर घरात महाभारत झालं. सून चांदणी म्हणाली, कंपनीच्या शोरूममधून घ्या, चार पैसे जास्त जातील पण वॉरंटी मिळेल. शशिकांत म्हणाला, वॉरंटी म्हणजे नुसता कागद, घोडबंदरच्या यार्डात चल, तिथे भाव पाडता येतो. जितेश म्हणाला, सगळ्यात बरं म्हणजे थेट मालकाकडून. केतन काहीच म्हणाला नाही. त्या घरात केतन फारसं काही म्हणत नसे. शेत बिल्डरला गेलं, त्याचे पैसे जिजाबाईच्या खात्यात होते, आणि केतनला दाढीचं ब्लेड आणायचं तरी आईसमोर उभं राहावं लागे.

जिजाबाईने यार्ड निवडला. भाव पाडायचा म्हटलं की तिच्या अंगात येई.

परवाची गोष्ट. चांदणी धर्माबरोबर घरी राहिली. यार्डात जितेश गाडीखाली पाठ टेकून शिरला आणि इंजिन चालू ठेवायला लावून पोटाखाली काय ते बघत बसला. शशिकांत दोन वाक्यं बोलून समोर वडापाव खायला पळाला. गाडीच्या नंबरावर कागद चिकटवलेला. बयाणा दिल्याशिवाय बंटी नंबर दाखवत नाही. भाव पडत पडत शेवटाला आला तेव्हा बंटीने तोंडाने न बोलता कॅल्क्युलेटर पुढे धरला. जिजाबाईचा चष्मा घरी. केतनने आकडा वाचून तिच्या कानात सांगितला. तिने मान हलवली.

आणि मग तिने एक गोष्ट केली, जी कुणीच पाहिली नाही. मागच्या सीटवर बसून बघायच्या निमित्ताने तिने कनवटीची चिंधीची पुरचुंडी काढली आणि पुढच्या सीटखाली, लोखंडी पट्टीच्या आत, बोटाने खोल सारली. आत त्यांच्याच जुन्या आगरातलं खडं मीठ. जी वस्तू मनात भरते तिला परक्याची नजर लागू नये म्हणून जिजाबाई हे करते. फ्रिजमागे एक आहे. केतनच्या लग्नात त्याच्या फेट्याच्या घडीतही होती. मात्र कुणाला सांगायचं नाही. सांगितलं की मिठाचा गुण जातो.

नजर लागायची ती लागलीच होती. आता कोणाची, एवढंच बघायचं होतं.

३

घरी येताच तिने ओटीवर पाट टाकला आणि एकेकाला समोर बोलावलं. पोलिसाला जमणार नाही अशी तिची चौकशी असते. पोलीस निदान पाणी विचारतो.

पहिली चांदणी. मोरीच्या दाराशी ती धर्माची वाट बघत उभी होती. आत धर्मा भिंतीच्या दांडीला धरून हळूहळू वळत होता. हात निसटू नये म्हणून केतनने त्या दांडीला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली होती, उलटसुलट तिरपी, माशाच्या काट्यासारखी. लहानपणी बॅटच्या दांड्यालाही तो अशीच गुंडाळायचा.

"तुला शोरूमची गारी हवी होती. यार्डची गेली. बरं वाटलं असंल."

"आई, मला नेलं होतं का तुम्ही तिथे?"

"रेट तुला कोनी सांगितला?"

"मला?" चांदणी हसली, पण डोळे हसले नाहीत. "मी आणलेल्या भेंडीचा रेटसुद्धा तुम्ही भाजीवाल्याला जाऊन विचारता. गाडीचा मला कोण सांगणार?"

जिजाबाईला राग आला. उत्तर खरं होतं म्हणून जास्तच आला.

मग शशिकांत. "बाय, आईशपथ, मी वडापाव खात होतो. तुझा रेट मला अजून म्हाईत न्हाय. सांगतंस तरी कुठं तू?"

"तुला कमिशन किती होतं?"

"होतं थोडं," तो ओशाळला. "पन ते तू घेतलीस तर. आता ते पन गेलं."

शेवटी केतन. तो दाराला टेकून उभा होता, नखाशी खेळत. "आई, मला वाटतं जितेश."

"का?"

"बंटीची त्याची ओळख आहे. एवढा वेळ गाडीखाली काय करत होता तो? ड्रायव्हर लोकांचं सगळीकडे कमिशन असतं. दुसरी पार्टी त्यानेच आणली असणार."

जिजाबाईला हे पटलं, कारण पटवून घ्यायला ते सोपं होतं. ती तशीच उठली आणि गल्लीत, चार माणसांदेखत, जितेशला हाक मारली.

"काय रं, माझ्या नवऱ्याच्या जिवावर किती कमावलेस?"

जितेशला आधी काही कळेना. कळलं तेव्हा त्याचा चेहरा पडला. "काकी, मी गाडीखाली होतो, डोक्यावर इंजिन चालू. तुम्ही काय ठरवलंत ते मला ऐकूसुद्धा आलं नाही."

"बंटीनं सांगितलं असंल. तुमचं एकच."

"काकांसाठी सुट्टी टाकून आलो होतो मी." त्याने खांद्यावरचं फडकं काढून झटकलं. "जाऊ दे. ती गाडी तुम्ही कुठेही उभी करा, मी तिच्या पोटावरनं ओळखीन. पण आता मला बोलवू नका."

तेवढ्यात मंदा बाहेर आली. हातात जिजाबाईच्या घरचा कालवणाचा टोप, घासूनपुसून लख्ख. तो तिने ओटीवर ठेवला. "वहिनी, तुमचा टोप. आमच्याकडे आता काही राहिलं नाही तुमचं." आणि तिने दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी धर्माची मशीनची पाळी होती. रिक्षा दारात आली. धर्मा खाटेवरून उठला नाही. संध्याकाळी जिजाबाईने त्याचा पाय बोटाने दाबून पाहिला. बोटाचा खळगा तसाच राहिला, भरून आला नाही.

४

त्याच संध्याकाळी शशिकांत मोबाईल नाचवत आला. "बाय, बघ! भाईबंदांच्या ग्रुपवर आली. बेव्हर्ली पार्कला. तशीच उंच गारी, तशीच जात."

फोटोतली गाडी खाली पांढरी होती, टप मात्र काळं. सीटला नवी कव्हरं. भाव यार्डपेक्षा चांगलाच चढा.

"महाग हाय," जिजाबाई म्हणाली.

"आई, बाबांकडे बघ," केतन हळूच म्हणाला. "आता भाव बघायची वेळ आहे का?"

तो असं कधी बोलत नसे. जिजाबाईने त्याच्याकडे क्षणभर जास्तच पाहिलं.

सकाळी धर्माला कसाबसा रिक्षात घातला. "गारी घ्यायला चाललोय, मशीनवर न्हाय," अशी जिजाबाईने शपथ घेतली तेव्हा तो निघाला. केतन आणि शशिकांत मागून दुसऱ्या रिक्षाने आले. बेव्हर्ली पार्कला एका बिल्डिंगच्या तळमजल्यावर काचेचं दुकान होतं. आत एसी, कोचावर मासिकं, आणि इस्त्रीच्या शर्टातला निहार नावाचा पोरगा. "या काका, या काकी. सिंगल ओनर गाडी आहे, डॉक्टरांची."

गाडीला अत्तराचा वास मारत होता. धर्माने पुढचं डावं दार उघडलं. पाय उचलला, तो एका रुंद पायरीवर पडला. हात वर गेला, तो दांडीवर बसला. आणि तो माणूस, ज्याला घरात मोरीपर्यंत न्यायला दोघं लागत, आपला आपण सीटवर जाऊन टेकला.

"जिजा!" तो आतून ओरडला. "बघ गो, कसा चऱ्हलो! जशी काय माझ्या मापानंच केलीय."

कितीतरी दिवसांनी तो हसत होता. जिजाबाई मागच्या सीटवर चढली, धर्माच्या बरोबर पाठीमागे. सवयीने तिचा हात कनवटीला गेला. नवी पुरचुंडी बांधून आणली होती. तिने वाकून पुढच्या सीटखाली, लोखंडी पट्टीच्या आत, बोट सारलं.

तिथे आधीच एक होती.

५

नखाने ओढून तिने ती पुरचुंडी बाहेर काढली. हिरव्या लुगड्याची चिंधी, तिच्याच हातची गाठ, आत आगराचं मीठ. मग तिने मान वर केली आणि गाडीकडे पहिल्यांदा नीट पाहिलं.

"काय रं पोरा," तिने निहारला विचारलं, "ही पायरी एकाच अंगाला का?"

"अं... ती आधीपासूनच आहे, काकी."

"डाक्तर एकाच पायाचा होता?"

निहारने केतनकडे पाहिलं. एवढंसंच, पण पाहिलं.

जिजाबाईची नजर धर्माच्या हाताकडे गेली. दाराच्या वरच्या दांडीला काळी ट्यूब गुंडाळलेली होती. उलटसुलट तिरपी, माशाच्या काट्यासारखी.

ती उतरली. धर्माला म्हणाली, "बसा थंड हवेत, आम्ही कागद बघतो." आणि केतनचा दंड धरून त्याला बाहेर, दुकानाच्या पायऱ्यांवर आणलं. मूठ उघडून पुढे केली.

"हे काय?" केतन म्हणाला.

"मीठ. यार्डच्या गारीत मी ठेवलेलं. तिच्या सीटखालनं ह्या गारीत चालत आलं."

केतनचा रंग उतरला.

"मी मूर्ख," जिजाबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, आणि केतनला त्याचीच जास्त भीती वाटली. "बंटीनं त्याच दिवशी सांगितलं, आला तो माझाच रेट बोलला. तो आकडा तिघांना म्हाईत. बंटीला, मला, आणि ज्यानं माझ्या कानात वाचला त्याला. मी म्हटलं, जितेशला बंटीनं सांगितला असंल. पन जितेश बंटीचा मानूस असता तर गारी मलाच खपवली असती त्यानं, कमिशन तिथंच होतं. शशीचं पन तेच. ती दुसऱ्यानं नेली तर दोघांचा तोटा. फायदा फक्त त्याचा, ज्याला तीच गारी मलाच परत विकायची होती. जास्त भावानं."

"आई..."

"थांब. टप काळं केलंस, कव्हर बदललीस, अत्तर मारलंस. आमच्या डोळ्यांना तेवढं पुरे होतं. पोटावरनं ओळखनारा एकच होता. त्याला माझ्याच तोंडानं गल्लीत चोर म्हनवलंस, म्हंजे आज तो इथं नको. अमावस्या माझी, जीभ माझी, पैसा माझा. सगळं माझंच वापरलंस तू. आपलं असं फक्त एक घातलंस, ती पायरी. आणि त्या ट्यूबनं पकडला गेलास."

रस्त्यावरून शाळेची बस गेली. केतन खाली बघत होता.

"बाबांचा हात घसरतो," तो म्हणाला. "राहवलं नाही."

"पायरी बाबासाठी. मधला पैसा कोनासाठी?"

"गॅरेजसाठी. निहार माझ्याबरोबर शाळेत होता. दोघं मिळून टाकणार होतो. गाडी घ्यायला त्याने व्याजाने काढले."

"माझ्याकडं मागायला तोंड नव्हतं?"

आता केतनने वर पाहिलं. "किती वेळा मागितले, आई? शेवटचे मागितले तेव्हा तू मामासमोर, चांदणीसमोर म्हणालीस, ह्याच्या हातात पैसा म्हणजे पाण्यात मीठ. सगळे हसले. मीही हसलो. चाळिशीला आलोय मी. हसलो."

जिजाबाईला ते आठवत होतं. आठवतं म्हणून ती ते कबूल करणार नव्हती. "म्हनून बापाच्या मशीनवर धंदा केलास? एक पाळी चुकली त्याची. पाय बघितलेस?"

"मला वाटलं नव्हतं तो एवढा हट्ट करेल. त्याच दिवशी ग्रुपवर टाकायला लावली मी गाडी. टप अजून ओलं होतं."

"चांदणीला म्हाईत हाय?"

केतन पायरीवरचा खडा बुटाने ढकलू लागला. ते उत्तर पुरेसं होतं. 'बाबांकडे बघ' हे वाक्य त्याचं नव्हतंच, चांदणीने पढवलेलं होतं, ते जिजाबाईने आता ओळखलं.

काचेपलीकडे धर्मा दिसत होता. तो एकदा दांडी धरून बघत होता, एकदा आरशात स्वतःला. ही गाडी मोडली तर दुसरी शोधेपर्यंत किती पाळ्या जातील, ते तिला डॉक्टरीणबाईंनी बाहेर नेऊन सांगितलेलंच होतं. केतनलाही हे माहीत होतं. ती बोलेल, कडकड बोटं मोडेल, पण ती गाडी घेईल, हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मिठाचा पत्ता तेवढा नव्हता.

ती आत गेली. निहार घाईघाईने उभा राहिला. "काकी, तुम्ही म्हणाल तर थोडं कमी..."

"न्हाय."

"नाही म्हणजे, थोडीफार घासाघीस..."

"एक पैसा कमी करायचा न्हाय," जिजाबाई म्हणाली. "सांगितलास तेवढाच घे. माझ्या पोराची पहिली कमाई हाय."

जन्मात पहिल्यांदा तिने भाव न पाडता वस्तू घेतली. केतन दाराशी उभा होता. तिने त्याला चार माणसांत चोर म्हटलं असतं तर ते त्याला परवडलं असतं.

नारळ शशिकांतने फोडला. त्याला कशातलं काही कळलेलं नव्हतं, तो खुशीत होता. "बाय, लिंबू ठेव ना चाकाखाली!"

"तूच ठेव."

केतन स्टिअरिंगवर बसला. पुढच्या सीटवरून धर्माने खिडकी खाली केली. "चल ना गो, बस. मशीनवर जाऊं आता, ह्याच गारीतून जाऊं. मी तयार हाय."

"तुम्ही व्हा पुढं. मला गारी लागते."

"तुला? कवापासनं?"

"आजपासनं."

धर्मा हसला, त्याला ती थट्टा वाटली. गाडी निघाली. जिजाबाई चालत नाक्यावर आली आणि शेअर रिक्षात दोन परक्या बायकांच्या मध्ये कोंबून बसली. मुठीत पुरचुंडी अजून तशीच होती. घामाने मीठ पाझरून चिंधी ओली झाली होती. जितेशच्या घरी जायला हवं होतं. मंदाच्या दारात काय म्हणायचं ते ती मनात जुळवू लागली. पहिला शब्द 'केतन' यायला लागला, आणि तिने ते तिथेच सोडून दिलं. पोराचं नाव ती गल्लीत टाकणार नव्हती. म्हणजे जितेशच चोर राहणार होता.

सिग्नलच्या पुढे रिक्षाने वेग घेतला आणि एका पांढऱ्या गाडीच्या बरोबरीला आली. काळं टप. आत धर्मा दांडी धरून ताठ बसला होता, मिठागरावर उभा राहायचा तसा. रिक्षावाल्याने हॉर्न वाजवून पुढे घुसायला बघितलं.

"रहने दो, भैया," जिजाबाई म्हणाली. "उसको आगे जाने दो."